चिचुंद्रीवाल्या मॅडम आणि सोनीच्या बाह्या

मॅडमच्या बिल्डिंगमधल्या नाईक वहिनींनी सांगितलं तेव्हा मी पहिलं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, म्हणलं ही बाई खरं बोलते का. सकाळची वेळ, मी सोनीची वेणी घालत होते, रिबीन दातात धरलेली, आणि वहिनी दारात येऊन म्हणल्या, सुरेखा, तुझ्या मॅडम गेल्या गं. मी विचारलं कुठं गेल्या. त्या म्हणल्या कुठं म्हणजे काय, गेल्या... दूधवाल्यानं बेल मारून मारून शेवटी वॉचमनला बोलवलं, खुर्चीतच होत्या. मी सोनीला तशीच अर्ध्या वेणीनं कडेवर मारली आणि धावले. डोक्यात एकच, की मी तिथं कामाला, चावी तर माझ्याकडं हाय, मग दार उघडलं कुणी. मॅडमचा फ्लॅट तळमजल्याचा, एकटी बाई, लग्न केलेलं नाय, आणि सोसायटीतल्या दोघातिघांचा त्या फ्लॅटवर डोळा हाय हे आख्ख्या सेक्टरला माहीत. आत गेले तर चार माणसं उभी, डॉक्टर कागद लिहीत होते, हार्ट म्हणले. मॅडम खुर्चीत, चष्मा डोक्यावर चढवलेला, रोज असायचा तसा. पण बाजूला चहाचा कप धुऊन पालथा ठेवलेला. मॅडमनी जन्मात कधी कप धुतला नाय. मी विचारलं हा कप कुणी धुतला. डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वेड लागलंय. दोन दिवसांनी नाईक वहिनी म्हणल्या, दार वॉचमननं बाल्कनीतनं शिरून उघडलं, आणि कप अगं मीच धुतला, लोक येणार, बरं दिसत नाय. असेल. पण मी आधी रडले नाय, आधी कप बघितला, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. मॅडम असत्या तर म्हणल्या असत्या, लाज कसली, बघितलंस ना तू, मग झालं.

आता सव्वा महिना झाला. पेपरात त्यांच्यावर दोन ओळी आलत्या, ज्येष्ठ शास्त्रज्ञ, मेंदूवर संशोधन, अविवाहित. बस. त्या वाचून मला राग आला म्हणून मी ह्या पुरवणीला लिहिते. मी सातवीपर्यंत शिकलेय, शब्द चुकले तर तुमी नीट करा, पण जे लिहिलंय ते बदलू नका, कारण त्यात माझी चूक पण हाय आणि ती मला लपवायची नाय.

मॅडमचं नाव प्रमिला देवस्थळी. आमच्या ऐरोलीत तोंडावर सगळे डॉक्टर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागं चिचुंद्रीवाल्या मॅडम. त्याचं कारण आमच्याच घरापासनं सुरू होतं. आमचे हे, म्हणजे सोनीचे पप्पा, तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. एक दिवस हसत घरी आले, म्हणले, एक म्हातारी बाई गाळ्यावर आलती, विचारते तुमच्याकडं चिचुंद्र्या हायत का, जिवंत पाहिजेत. सगळे हमाल हसले. एकानं विचारलं, आजी, किलोवर देऊ का नगावर. ती म्हणे अजिबात हसली नाय, म्हणली, नगावर, आणि दुखवायची नाही एकीला पण. मग तिनं ह्यांना शिकवलं. म्हणली मागं पळू नका, सापडायची नाही. चिचुंद्रीला डोळ्यांनी धड दिसत नाही, ती उघड्यावरनं चालत नाही, भिंतीला मिशा लावत लावत चालते. भिंतीलगत एक पाईप ठेवून द्या, आपली आपण आत शिरेल. ह्यांनी ठेवला, सकाळी पाईपात चिचुंद्री. आमचे हे कधी कुणाला चांगलं म्हणत नायत, पण त्या दिवशी जेवताना म्हणले, ह्या बाईला मार्केटातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मला मात्र ते काय बरोबर वाटलं नाय. शिकलेली बाई, बामणाची, तिला चिचुंद्री कशाला पाहिजे. खात असेल असं तर नाय, मग काय करते. मी ह्यांच्याबरोबर पाईप पोचवायला मुद्दाम गेले. मॅडमनी दार उघडलं तर घरभर तो वास, ज्यांना माहीत हाय त्यांना माहीत हाय. आणि बाल्कनी आख्खी काळ्या कापडानं झाकलेली, आत लाल बल्ब. मी ह्यांच्या पाठीला चिमटा काढला, चला म्हणलं. तेवढ्यात मॅडम म्हणल्या, मला झाडलोट करायला बाई मिळत नाही, वासाला सगळ्या पळतात, कुणी असेल तर सांगा. आणि मीच म्हणलं, मी करते. कामाची गरज होती हे खरं, पण त्याहून खरं हे की मला बघायचं होतं ह्या लाल उजेडात काय करतात.

करायच्या काय, तर बघायच्या. तासनतास. मुंबईच्या मोठ्या संस्थेत त्यांनी आयुष्य काढलेलं, तिथनं रिटायर झाल्या, तिथं पण चिचुंद्र्या कुणी ठेवू दिल्या नायत वासामुळं, म्हणून घरात आणल्या. लाल उजेड चिचुंद्रीला उजेड वाटत नाय म्हणे, तिच्या हिशोबानं अंधारच, आणि आपल्याला मात्र दिसतं. ती मिशा कशा हलवते, किती वेळा हलवते, भिंत आली की कुठली मिशी आधी लावते, हे सगळं त्या वहीत लिहायच्या, इंग्रजीत. एका चिचुंद्रीच्या उजव्या बाजूच्या मिशा त्यांनी कात्रीनं कापल्या होत्या. मी विचारलं, तिला दुखलं नाय का. म्हणल्या, केसाला दुखतं का, परत येतील. पण ती बिचारी उजव्या बाजूनं खोक्याला आपटत चालायची आणि मी झाडताना तिच्याकडं बघायचं टाळायचे. तिच्या पोटात पिल्लं होती.

आता सोनीचं सांगते. सोनीच्या आधी मला बाळू होता. दहा महिन्यांचा झालता. गावाला, पाटणकडं, अंगणात शेंगा फोडून दाणे वाळत घातलेले, मी पाण्याला गेले... एक दाणा. एवढंच लिहिते. तर सोनी झाली तेव्हा मी ठरवलं की हिच्या हाताला काय लागूच द्यायचं नाय. तिच्या झबल्यांच्या बाह्या मी चार बोटं लांब ठेवायचे आणि पुढनं शिवून टाकायचे, पिशवीसारख्या. एकदा पण तिचे हात मोकळे सोडले असं नाय. आणि खाली ठेवायचेच नाय, झोळीत नायतर कडेवर. बायका म्हणायच्या किती जपते लेकराला. सासूनं गावाकडनं निरोप धाडला, अशीच सांभाळ.

पण सोनी सहा महिन्यांची झाली, आठ झाली, नऊ झाली, आणि माझ्या लक्षात आलं की ही बघत नाय. म्हणजे डोळे उघडे, तिकडं असायचे, पण त्यात ओळख नाय. खुळखुळा धरला तर त्याच्या आरपार बघायची. माझ्याकडं पण. मी सरकारी दवाखान्यात नेली, त्यांनी बॅटरी मारली, म्हणले डोळे चांगले हायत, मेंदू मंद असेल, वर्षाची झाली की आणा. मंद. हा शब्द मी ह्यांना सांगितला नाय, महिनाभर पोटात ठेवला. आमच्या जावेनं म्हणलं, कुणाचं तरी लागलंय हिला. कुणाचं लागणार? मला एकच माणूस दिसायचं, जे माझ्या पोरीकडं टक लावून बघतं.

कारण मी सोनीला कामावर न्यायचे, झोळी मॅडमच्या मधल्या दाराला बांधायचे, आणि मॅडम लाल उजेडातनं बाहेर यायच्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसायच्या. हातात घड्याळ. सोनीच्या डोळ्यांपुढनं चमचा न्यायच्या, परत आणायच्या, आणि लिहायच्या. कुठल्या वहीत? त्याच. ज्या वहीत चिचुंद्री त्याच वहीत माझी पोर. मी एकदा विचारलं, मॅडम, काय लिहिता तुमी. म्हणल्या, सुरेखा, मला अजून कळलं नाही, कळलं की सांगते. जे लिहितात ते कळल्याशिवाय कसं लिहितात, मी म्हणलं मनात. आणि इंग्रजी मला येत नाय हे त्यांना चांगलं माहीत.

त्यात ते प्लेगचं साल. सुरतेच्या बातम्या आल्या, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, मेडिकलमध्ये गोळ्या संपल्या. सोसायटीत मीटिंग झाली, मॅडमनी सगळ्यांना समजावलं की चिचुंद्री ही उंदीर नव्हेच, तिची जातच वेगळी, ती किडे खाते. कुणी ऐकलं नाय. जिन्यात नाईक वहिनी मला म्हणल्या, त्या म्हातारीला पुढंमागं कुणी नाय, ती काय पण पाळेल, तुझी पोर का लोळवतेस त्या घाणीत... एक गेलं ते पुरलं नाय का तुला. असं बोलल्या. ते वाक्य माझ्या मानेवर बसलं.

त्याच आठवड्यात ते झालं. मॅडम म्हणल्या सोनीला ठेव, रॉकेलची लाईन मोठी असेल, तू जाऊन ये. मी परत आले तर सोनी चटईवर. खाली. आणि तिच्या दोन्ही बाह्या मनगटाजवळ कापलेल्या. कात्री बाजूलाच. सोनीच्या हातात मॅडमच्या चाव्यांचा जुडगा आणि मॅडम तिच्यासमोर पालथ्या पडलेल्या, एवढी साठीची बाई, लहान पोरासारखी. मला म्हणल्या, सुरेखा, हळू ये, ती बघतेय. मी काय हळू येते, मी झडप घालून पोर उचलली. चाव्या पडल्या. मॅडम म्हणल्या, अगं, चाव्या तोंडात जाणार नाहीत, मी मोजून बघितल्यात. मी फक्त एवढंच विचारलं, कापलेले तुकडे कुठं हायत. म्हणल्या, असतील इथंच कुठंतरी.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडं लेकराचं जावळ, नख, अंगावरच्या कपड्याचा तुकडा, कुणाच्या हाती लागू देत नाय. त्यावर करणी करतात. खरं का खोटं मला विचारू नका, पण ज्या बाईचं एक लेकरू गेलंय ती खरं-खोटं करत बसत नाय. मी घरी येऊन डबल दोऱ्यानं बाह्या परत शिवल्या. आणि दुसऱ्या दिवशी झाडताना सगळं घर शोधलं, कॉटखाली, कचऱ्यात, मोरीत. तुकडे नाय. मॅडम बँकेत गेलत्या. मी काळं कापड वर केलं आणि बाल्कनीत गेले, लाल बल्ब लावला, आणि त्या मिशा कापलेल्या चिचुंद्रीच्या खोक्यात बघितलं. ती व्यालेली, आठ-दहा दिवस झाले असतील. तीन पिल्लं, बोटाएवढी. आणि त्यांच्या खाली माझ्या पोरीच्या बाह्या. पिवळ्यावर लाल फुलं, माझ्या आईच्या साडीचं झबलं होतं ते, मला काय ओळखायला वेळ लागतो? माझ्या सोनीच्या हातावरचं कापड आणि त्यात ते वळवळणारं...

मी बाल्कनीचं मागचं दार उघडलं आणि सगळ्या खोक्यांची दारं उघडली. सहा होती. पाच तर सुटल्याच, गटाराकडं. ही मिशा कापलेली मात्र बाहेर आली, थांबली, नाक वर केलं. एका पिल्लानं तिच्या शेपटीच्या मुळाशी कातडं तोंडात धरलं, दुसऱ्यानं पहिल्याचं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं, अशी एक दोरी झाली आणि ती कंपाउंडच्या भिंतीला धरून चालायला लागली. एकानं पण सोडलं नाय. पार कोपऱ्यापर्यंत मी बघत उभी राहिले. मग खोकी धुतली, तुकडे गॅसवर जाळले, आणि मॅडमची वाट बघत बसले.

मॅडम आल्या. आत गेल्या, बाहेर आल्या. मी पाठ केलं होतं की मी म्हणणार, मॅडम, कडी उघडी राहिली असेल, मांजर आलं असेल. त्यांनी मला काय विचारलंच नाय त्यातलं. खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला, आणि म्हणल्या, "पिल्लंवाली जाताना भिंत कुठल्या बाजूला धरून गेली?"

"डाव्या," मी म्हणलं.

निघून गेलं तोंडातनं. मग मला कळलं की मी काय बोलले. मॅडमनी मान हलवली, हळूच म्हणल्या, डाव्या, म्हणजे मिशा होत्या त्या बाजूला, बरोबर. आणि ते लिहून ठेवलं. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणल्या, आठ महिन्यांचं काम होतं गं. आवाज चढवला नाय, आणि त्यानं मला जास्त राग आला, मी म्हणलं तुमी माझ्या पोरीचं कापड त्या जनावराला घातलं, काय करणार होता तुमी तिच्यावर. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणल्या, घरट्याला मऊ सुती कापड लागतं, तुकडे पडले होते खाली... मी टाकले. एवढी शिकलेली बाई, जगाच्या मिशा मोजणारी, तिला एवढं कळू नये. मी झोळी सोडली आणि निघाले, परत येणार नाय म्हणलं.

ह्यांना कळल्यावर हे माझ्याशी दोन दिवस बोलले नायत. मी वाट बघत होते, पोलीस येतील, नायतर सोसायटीचं कोणतरी. दिवाळी तोंडावर आली. दुपारी मी चकल्या पाडत होते, सोनी झोळीत, आणि दारात मॅडम. आमच्या रूमवर पहिल्यांदा. मी हातातला सोऱ्या तसाच धरला. म्हणलं आता बोलतील. त्या आत आल्या, जमिनीवर बसल्या, वास घेतला, म्हणल्या ओवा जास्त झाला. मग पिठाच्या ताटलीत सोऱ्याच्या एकदोन चकत्या पडलेल्या, त्यातली एक उचलली, पदरानं पुसली आणि म्हणल्या, सुरेखा, डोळे मीट, हात पुढं कर, एक गोष्ट दाखवते, मग जाते. मी डोळे मिटले पण पुरते नाय, एक फट ठेवली. म्हणल्या, फट ठेवू नकोस. मग मिटले. त्यांनी हातावर काहीतरी ठेवलं आणि वरनं दाबलं. हात हलवायचा नाही, सांग काय आहे. मी म्हणलं गोल... रुपया असेल. म्हणल्या अजून सांग. मला काय सांगता येईना, थंड, गोल, बस. मग म्हणल्या, आता बोटं हलव. आणि बोट फिरवलं त्या क्षणी कळलं, मधी चांदणी, माझ्याच सोऱ्याची जुनी, बाजूला टाकलेली चकलीची चकती, एक टोक जरा वाकलंय ते पण कळलं.

"हात तोच, चकती तीच," मॅडम म्हणल्या. "मघाशी ती तुझ्याकडं आली तर तुला रुपया वाटला. आता तू तिच्याकडं गेलीस. मी चाळीस वर्षं एवढंच शिकले बघ, सुरेखा. जग आपल्याकडं चालत येत नाही, आपण जाऊन बघावं लागतं. डोळ्याचं पण तसंच आहे. सोनीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तिला तू जाऊच देत नाहीस."

तेव्हा मी बाळूचं सांगितलं. मॅडमना माहीतच नव्हतं. एवढे महिने त्यांनी माझ्या पोरीचं सगळं लिहिलं आणि बाह्या का शिवल्या हे एकदा विचारलं नाय, आणि मी सांगितलं नाय. तेल तापून धूर यायला लागला तेव्हा त्यांनीच स्टोव्ह बारीक केला. मग म्हणल्या, घाबरू नकोस असं मी सांगणार नाही. तू तिच्या तोंडावर लक्ष ठेव, मी हातांवर ठेवते. मी सेफ्टी पिन काढली आणि माझ्याच हातानं डबल दोऱ्याची शिवण उसवली. मॅडमनी ताटातल्या दाण्यांच्या कुटाची वाटी उचलून वर फळीवर ठेवली, न सांगता. ते मला आवडलं.

लगेच काय झालं नाय. लोकांना वाटतं एका दिवसात चमत्कार होतो, तसं नाय. मी परत कामाला लागले, रोज तासभर सोनी जमिनीवर, मी एका बाजूला, मॅडम एका बाजूला, मधी पळी, डाव, नारळ, मोठी मोठी सगळी भांडी. पहिले दहा-बारा दिवस ती नुसती हात आपटायची. मग पळी आपटली, आवाज आला, आणि तिनं पळीकडं बघितलं. बघितलं म्हणजे बघितलं, आरपार नाय. पुढं एक दिवस मी वाकून तिचं नाक पुसत होते, तिनं माझ्या गालावर हात ठेवला, तोंडावरनं फिरवला, नाकातली चमकी ओढली, आणि मग वर बघितलं, माझ्याकडं. मी मॅडमकडं बघितलं तर त्या घड्याळ बघायचं विसरल्या होत्या.

ह्यांनी दिवाळीनंतर स्वतःहून गाळ्यात पाईप लावले, नव्या चिचुंद्र्या आणून दिल्या. पण ती व्यालेली परत मिळाली नाय आणि मॅडमचं ते काम परत उभं राहिलं नाय. त्यांना बाहेरदेशी कुठंतरी ते वाचायचं होतं. ते मी घालवलं. त्यांनी मला कधी ऐकवलं नाय. मला वाटायचं कधीतरी ऐकवतील, मी तयारीत असायचे, चार वर्षं तयारीत राहिले.

आणि संशय काय माझा गेला नाय, खोटं कशाला बोलू. ती वही तशीच होती. सोनी दोन वर्षांची झाल्यावर मी एक दिवस म्हणलं, मॅडम, आज मला वाचून दाखवा, मराठीत, एक पण शब्द न सोडता. त्यांनी सोनी बघायला लागली त्यानंतरचं एक जुनं पान काढलं. मग वाचलं, की मूल हात पुढं नेतं, पण त्याआधी आईच्या चेहऱ्याकडं बघतं. आई घाबरलेली दिसली की हात मागं घेतं. आज सात वेळा. मूल वस्तू बघत नाही, आईची भीती बघतं... म्हणजे माझा संशय खरा होता. त्या माझ्यावर पण लिहीत होत्या. मला इतका राग आला की मी वही ओढली. मॅडम म्हणल्या, पान पाहिजे तर फाड, तुझंच आहे. आणि मी फाडलं. चार तुकडे करून खिडकीतनं टाकलं. मला आजपण वाटतं की संध्याकाळी त्यांनी ते आठवून परत लिहून काढलं असणार. त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासनं सोनीनं काय उचललं की मी आधी माझं तोंड सरळ करायला लागले.

मॅडमचा भाचा आला पुण्यावरनं, भला माणूस हाय, त्यानं वह्या खोक्यांत भरल्या. मी दारात उभी राहून विचारलं, ह्याचं काय करणार, ह्यात माझ्या मुलीचं नाव हाय का. त्यानं उघडून बघितलं, म्हणला नाव नाही, नुसतं एक अक्षर आहे. खोकी टेम्पोत चढवली. मी टेम्पोचा नंबर पाठ करून ठेवलाय, कशाला ते मला पण माहीत नाय.

आता गेल्या आठवड्यातलं लिहिते. सोनी जूनपासनं बालवर्गात जाते. शनिवारी मी तिच्यापुढं पेरू ठेवला आणि ती नुसती बघत बसली, दोन्ही हात छातीशी बांधून. म्हणलं घे की. घेईना. म्हणली, बाई ओरडतात. बाईंनी शिकवलंय, हाताची घडी, तोंडावर बोट. ती सगळ्याला हात लावते म्हणून तिला एकटीला तास-तास तशी बसवतात. पेरू समोर, हात बांधलेले, आणि तिचे डोळे... मला ते डोळे ओळखीचे हायत. मनात पहिलं हेच आलं की मॅडमकडं जाऊ, आणि मग आठवलं.

सोमवारी शाळेत गेले. मला शाळेच्या बाईंची भीती वाटते, लहानपणापासनं. मी म्हणलं, बाई, सोनीला हाताची घडी घालायला सांगू नका. बाई वाईट नायत, थकलेल्या असतात, पोरं पण खूप. म्हणल्या, अहो ती खडू घेते, फळा चाटते, दुसऱ्याच्या डब्याचं झाकण काढून वास घेते, एकीला सोडलं तर सगळी उठतील. मी म्हणलं, तिला फळ्याजवळ बसवा, पाहिजे तर मारा पण हात बांधू नका, हात बांधले की तिचं बघणं बंद होतं. बाई हसल्या, म्हणल्या, हात बांधल्यावर डोळे कसे बंद होतील, असं कुठं असतं का, कोण डॉक्टर म्हणाला तुम्हाला. माझ्या तोंडात नाव आलं होतं. पण नाव सांगून काय, ज्यांचं सांगायचं त्यांना कुणी विचारायला जाणार नाय आता.

"डॉक्टर कशाला," मी म्हणलं, "मी बघितलंय."

बाई वर्गात गेल्या. मी बाहेर खिडकीपाशी उभी राहिले, गजाला धरून. सगळी पोरं हाताची घडी घालून बसली. सोनी पण बसली. बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. मी तोंड सरळ ठेवलं. सोनीनं एक हात सोडला, माझ्याकडं बघितलं, दुसरा सोडला, आणि पुढच्या पोराच्या पाटीवर आडवं बोट ओढलं. बाई खिडकीजवळ आल्या, हळू आवाजात म्हणल्या, अहो, तुम्ही किती वेळ उभ्या राहणार इथं?

मी म्हणलं, शाळा सुटेपर्यंत.